कॅनला बांधलेले फडके

दवाखान्यात जाण्याची सोय झाली, की आजारी मूल तिथे लवकर पोचते की उशिरा? प्रश्न ऐकणाऱ्याला विचित्र वाटतो, हे मला ठाऊक आहे. सोय झाल्यावर उशीर कसा होईल? मीही पूर्वी असेच म्हटले असते. पण एका उन्हाळ्यानंतर मला तसे म्हणता आले नाही, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्याबरोबर बदली होऊन शाळेशाळेतून हिंडला. त्याचे उत्तर मांडायचे तर आधी एक वाडी, एक दुधाची गाडी आणि एक लहान मूल यांची ओळख करून द्यावी लागेल.

नव्वदच्या दशकात शिक्षिका म्हणून माझी नेमणूक ओतूरच्या वरच्या अंगाला, डोंगराकडेच्या एका वाडीवर झाली. माझे माहेर वारूळवाडीचे. तिथे दारातून बाहेर पडले की नारायणगावचा बाजार, दवाखाने, एसटी, सगळे हाताशी. या वाडीवर मात्र डांबरी रस्ता वाडीच्या अलीकडेच संपत असे आणि एसटी त्याहूनही अलीकडे. मी शाळेलगतच्या खोलीत धाकट्या मुलीला घेऊन राहत असे. यजमान चाकणच्या बाजूला कारखान्यात होते. सुट्टीला स्कूटरवरून येत.

वाडीवर मूल आजारी पडले की काय होई, हे मी पहिल्याच वर्षी पाहिले. तापाने मुलाचे डोळे फिरले किंवा त्याने दूध टाकले, की आई ओरडत अंगणात येई. तिची सासू छाती बडवी. शेजारच्या बाया धावत. कुणी म्हणे कांदा हुंगवा, कुणी म्हणे दृष्ट काढा, आणि तेवढ्यात कुणीतरी पुरुषांवर डाफरे, "आरं, बघत काय बसला? फटफटी काढ की!" ज्याच्याकडे फटफटी असे तो शेतात. मग एक जण त्याला हाका मारत बांधावरून पळे. फटफटी मिळाली नाही तर ट्रॅक्टर, तो नसला तर बैलगाडी, आणि काहीच नसले तर चुलता मुलाला खांद्यावर टाकून डांबरी रस्त्याकडे चालू लागे. मागून निम्मी वाडी. ओतूरला पोचावे तोवर डॉक्टर जेवून आडवे झालेले असत. दार ठोठावून त्यांना उठवावे लागे, आणि ते वैतागत. "तापच आहे हा. सकाळी आणला असता तर काय बिघडलं असतं?"

पुष्कळदा खरोखर तापच असे. सुई टोचून, पुडी घेऊन सगळे परत येत. मला या गोंधळाचा फार त्रास होई. माझे शिक्षणच असे झालेले, की प्रत्येक गोष्टीला वेळ, जागा आणि क्रम असावा. वर्गात पाटी कुठे ठेवायची हे ठरवता येते, मग आजारी मुलाला नेण्याचे का ठरवता येऊ नये?

वाडीवर रोज सकाळी दुधाची गाडी येई. संध्याकाळचे दूध लोक घरी विरजत आणि रिकामा कॅन धुऊन रात्रभर अंगणात ठेवत. सकाळचे कॅनमध्ये भरून रस्त्याच्या कडेला आणून ठेवत. गाडी वाडीच्या टोकापर्यंत येऊन वळे आणि एकेक कॅन उचलत थेट ओतूरला जाई. ओतूरचा दवाखाना उघडायची आणि ती पोचायची वेळ साधारण एकच. मागे कॅन, पुढे चालक आणि त्याच्या शेजारची जागा. त्या जागेवर बाजाराला जाणारे एखादे पाहुणे बसत.

मी एका सकाळी गाडी थांबवली.

"भाऊ, पुढची जागा आजारी मुलांसाठी राखून ठेवाल का?"

चालक तोंडाळ माणूस. त्याने मान बाहेर काढली. "बाई, तितं आमचं सासरं बसत्यात. त्यांना कॅनवर बसवू का?"

"बसवा."

"बसवतो," तो हसून म्हणाला. "लई दिवस मनात व्हतं. पन मला कळनार कसं, आज पोरगं हाय का न्हाई?"

हा प्रश्न योग्य होता, आणि मी त्यावर विचार केलेला होता. ज्या घरी मूल आजारी असेल त्या घराने कॅनच्या कडीला पांढरे फडके बांधायचे. वाडीच्या टोकाकडे चढताना चालकाला दोन्ही बाजूंचे कॅन दिसत. फडके दिसले की परतताना तो जागा मोकळी ठेवील आणि आई मुलाला घेऊन बसेल. मी हे फळ्यावर लिहिले, मुलांकडून म्हणून घेतले, पालकसभेत दोनदा सांगितले. शाळेतले एक जुने धोतर फाडून घराघरांत फडकी वाटली.

व्यवस्था लागली. इतकी चांगली लागली, की मला माझाच अभिमान वाटे. अंगणातला आरडाओरडा कमी झाला. दुपारी कुणी बांधावरून पळताना दिसेना. मूल तापले की आई फडके बांधी, सकाळी निघे, दुपारच्या आत परत येई. ओतूरचे डॉक्टर मला बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, तुमच्या वाडीला शिस्त लावलीत." शिक्षकांच्या केंद्रातल्या बैठकीतही माझे कौतुक झाले. ते ऐकताना मी मान खाली घातली. पण मला बरे वाटले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

याच काळातली एक घटना मी तेव्हा महत्त्वाची मानली नाही. माझी मुलगी एका दुपारी कान धरून रडू लागली. अंगात तापही होता. योगायोगाने यजमान सुट्टीवर आले होते. त्यांनी स्कूटर काढली, मी मुलीला मध्ये घेऊन बसले, आणि आम्ही वाडीच्या मधल्या रस्त्याने ओतूरला गेलो. डॉक्टरांना झोपेतून उठवले. अंगणात धान्य निवडणाऱ्या बायांनी आम्हाला जाताना पाहिले. एकीने विचारले, "काय झालं वं, बाई?" मी म्हणाले, "कान दुखतोय." फडके बांधायचे माझ्या मनातही आले नाही. माझ्या दारात कॅन नव्हता, असे मी पुढे स्वतःला सांगत असे. ते खरे आहे. पण खरे कारण ते नव्हे.

पुढच्या उन्हाळ्यात निकाल लागून शाळेला सुट्टी पडली होती. मी वार्षिक कागदपत्रे पुरी करण्यासाठी वाडीवरच थांबले होते. शाळेला लागून एक घर होते. तिथली थोरली मुलगी माझ्या वर्गात होती, आणि धाकटा मुलगा नुकता चालायला लागलेला. तो शाळेच्या पायरीवर चढून बसायचा आणि खाली उतरता येत नाही म्हणून माझ्या नावाने हाका मारायचा. त्याला "बाई" हा एकच शब्द स्पष्ट येत होता, आणि तो शेळीलाही "बाई" म्हणत असे.

त्या दिवशी दुपारपासून त्याला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. वडील मुंबईला भाजीच्या गाडीबरोबर गेले होते; घरात आई आणि तिची सासू, जिला ती आत्याबाई म्हणे. मी शाळेत मीठ-साखरेचे पाणी शिकवलेले होते. थोरल्या मुलीने आईला ते करून दिले, आईने पाजले, मुलाने टाकले, पुन्हा पाजले. उन्हे उतरल्यावर ती माझ्याकडे आली. पदराला हात पुसत ती दारातच उभी राहिली.

"बाई, पोराला लई जुलाब व्हत्यात. पानी ठरंना."

"आता कसा आहे?"

"आता निपचित पडलाय. रडत न्हाई. आत्याबाई म्हनत्यात, रडत न्हाई म्हंजी उतार पडला." ती थांबली. मग पाठ म्हणून दाखवावा तशी म्हणाली, "फडकं बांधून ठिवलंय कॅनला. सकाळच्या गाडीनं नेते."

वर्गात उत्तर बरोबर आले की मी "छान" म्हणत असे. ती माझी सवयच होती. मी म्हणाले, "छान. पाणी पाजत राहा."

ती गेली नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मी कागदांकडे पाहिले. मग ती गेली.

तिचे ते उभे राहणे मी नंतर पुष्कळदा आठवले आहे. फटफटीवाला त्या वेळी घरी होता. त्याची फटफटी मला माझ्या खिडकीतून दिसत होती. मी एक हाक मारली असती तर तो निघाला असता. तिने मारली असती तरीही. दोन वर्षांपूर्वी तिने ती मारलीच असती, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी. पण आता फडके बांधलेले होते. काम झालेले होते. वाडीवर प्रत्येकाने येता-जाता ते फडके पाहिले आणि प्रत्येकाला वाटले, याची सोय झाली आहे.

सकाळी गाडी आली तेव्हा मी त्यांच्या अंगणातच होते. मुलाचे डोळे खोल गेले होते. पोटाची चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. मी त्याला हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिले, पण ओळखले असे वाटले नाही. आई त्याला घेऊन पुढे बसली, तिच्याजवळ मी अंग चोरून, आणि सासू मागे कॅनच्या गर्दीत. चालकाने एकदा मुलाकडे पाहिले आणि वाटेतले उरलेले कॅन उचललेच नाहीत. लोक रस्त्याच्या कडेला हात करत उभे होते, तो न थांबता ओरडत गेला, "पोरगं हाय! पोरगं हाय!"

ओतूरच्या डॉक्टरांनी मुलाला टेबलावर घेतले, सुई लावण्यासाठी शीर शोधली. हाताची मिळेना, पायाची मिळेना. शीर शोधताशोधता त्यांनी विचारले, "कधीपासून आहे हे?"

"काल दुपारधरनं," आई म्हणाली.

"मग काल का नाही आणलंत?"

ती गोंधळली. आपण कुठे चुकलो हे तिला कळेना. तिने माझ्याकडे पाहिले आणि मग डॉक्टरांना, एखाद्या परक्याला गावचा रिवाज सांगावा तसे सांगितले, "गाडी सकाळची असती ना, सायेब."

डॉक्टर पुन्हा शीर शोधू लागले. हेच डॉक्टर पूर्वी, सकाळी आणले असते तर काय बिघडले असते, असे विचारत. त्यांना ते आठवले की नाही, मला माहीत नाही.

डोक्यावरच्या शिरेत एकदाची सुई बसली. सलाईनची बाटली उंच धरायला माझ्या हातात देऊन मला त्याच दुधाच्या गाडीत बसवले आणि आम्हाला नारायणगावच्या मुलांच्या दवाखान्यात पाठवले. आळेफाट्यावरून जाताना मागून दुधाचा आंबूस वास येऊ लागला. चालक म्हणाला, "नासलं सगळं. नासू द्या. आज वाडी माझ्या नावानं शंख करनार." पण वाडीने त्या दुधासाठी त्याला कधी एक शब्दही ऐकवला नाही, हे मला इथे लिहून ठेवले पाहिजे.

नारायणगावच्या दवाखान्यात व्हरांड्यात बाकावर आम्ही बसलो. आत मूल होते आणि त्याची आई. बाहेर सासू आणि मी. म्हातारीच्या लुगड्याला दुधाचे डाग पडले होते. मी तिला चहा आणून दिला. तिने कप खाली ठेवला.

"बाई, एक इचारू का?"

"विचारा ना."

"तुमच्या पोरीचा कान दुखला तवा फडकं कुटं बांधलं व्हतं?"

कॅन नव्हता, हे वाक्य ओठांवर आले होते, पण ते मी बोलले नाही. म्हातारीनेही उत्तराची वाट पाहिली नाही. तिने कप उचलला, बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत म्हणाली, "मीच म्हनले व्हते, रडत न्हाई म्हंजी बरं हाय. माजंबी चुकलं. पन तुमी शिकल्याल्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाने डोळे उघडून पाण्याच्या भांड्याकडे हात केला. परिचारिकेने त्याला चमच्याने पाणी पाजले. तो बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिला, आणि मग पांढऱ्या कपड्यातल्या त्या परिचारिकेलाच "बाई" म्हणाला. आई हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. बाहेर येऊन तिने माझे पाय धरले. मी मागे सरले, तरी तिने धरले.

"बाई, तुमच्या गाडीनं वाचलं माजं पोरगं. गाडी नसती तर काय केलं असतं मी?"

हे श्रेय मी नाकारले नाही. तिथे, त्या व्हरांड्यात, तिला सांगता आले असते की गाडी नसती तर तू आदल्या दिवशीच निघाली असतीस. पण मूल नुकते शुद्धीवर आलेले, आई दोन दिवसांची उपाशी. मला वाटले, ही वेळ नव्हे. मग योग्य वेळ आली तेव्हा मला वाटले, आता कशाला? अशा रीतीने ते श्रेय माझ्याकडेच राहिले. वाडीवर परतल्यावर तर गाडीचे आणि माझे नाव आणखी मोठे झाले. मूल कसे वाचले, याची गोष्ट सांगताना लोक गाडीपासून सुरुवात करत. आदली संध्याकाळ त्या गोष्टीत नसेच.

मी दुरुस्तीचा प्रयत्न केला. शाळा उघडल्यावर फळ्यावर नवा धडा लिहिला: मूल पाणी पीत नसेल, निपचित पडले असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी होत नसेल, तर गाडीची वाट पाहू नका, त्याच पावली निघा. मुलांनी तो पाठ केला. पालकसभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर मी चालकाला म्हणाले, "भाऊ, फडक्याची पद्धत आपण बंद करू या का?"

तो खरोखर चकित झाला. "बंद? बाई, त्या पोराला कुनी वाचवलं? फडक्यानं. आता बंद केलं तर बाया मला गाडीत घुसून मारत्याल."

फडकी चालूच राहिली. मी लावलेली शिस्त मलाच मोडता आली नाही. पुढच्या काळात मी एवढेच करू शकले, की संध्याकाळी वाडीतून एक फेरी मारायची आणि ज्या कॅनला फडके दिसेल त्या घरात जाऊन मूल स्वतः पाहायचे. काही वेळा मी फटफटीवाल्याला हाक मारली. काही वेळा उगाच मारली, आणि डॉक्टर माझ्यावर वैतागले. त्या वैतागाचे मला बरे वाटे.

पुढे माझी बदली आंबेगाव तालुक्यात झाली. तिथे दुधाची गाडी नव्हती, पण उपकेंद्रात नर्सबाई यायचा एक ठरलेला वार होता. मी तिथल्या आयांना विचारू लागले, मागच्या वेळी मूल आजारी पडले तेव्हा तुम्ही कधी निघालात? पुष्कळ जणी त्या वाराचे नाव सांगत. आजार कधी सुरू झाला, हे त्यांना आठवून सांगावे लागे. एकदा लग्नात डोंगरावरच्या घाटघरच्या बाजूची एक बाई शेजारी जेवायला होती. तिलाही मी हेच विचारले. ती म्हणाली, "आमी कशाची वाट बघनार? येनारच न्हाई काय. पोरगं गार पडलं का झोळीत घालायचं न् उतराय लागायचं." याचा अर्थ गाडी नसलेली बरी, असा कुणी घेऊ नये. त्याच बाईने पुढे सांगितले, की तिचे पहिले मूल उतारावरच गेले. तिने ते भात कालवता कालवता सांगितले, आणि मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

दोन हजार सालानंतर वाडीपर्यंत डांबर गेले, माणसे भरून नेणाऱ्या वडापच्या जिपा धावू लागल्या, दूध थंड ठेवायचे यंत्र वाडीतच बसले आणि ती गाडी बंद झाली. अलीकडे एकदा ओतूरच्या स्टँडवर मला मागून हाक आली. तीच आई. बरोबर उंच, सडपातळ, ओठांवर मिसरूड फुटलेला मुलगा.

"पाया पड," ती त्याला म्हणाली. "ह्या बाईंनी तुला वाचवलं."

तो वाकला. मी या वेळी मागे सरले आणि त्याला थांबवले. एसटीची वाट पाहणारे लोक आजूबाजूला होते, तरीही मी सांगितले, "मी वाचवलं नाही. तू संध्याकाळी माझ्या दारात उभी होतीस, तेव्हाच याला न्यायला हवं होतं. मी फडक्याला छान म्हटलं."

तिने मुलाला पाण्याची बाटली भरायला पाठवले. तो गेल्यावर ती म्हणाली, "मला ठावं हाय, बाई. मला तवाच वाटत व्हतं, निघावं. छातीत धडधडत व्हतं. म्हनूनच तर तुमच्याकडं आले. तुमी म्हनाल, जा आत्ताच्या आत्ता, म्हनून."

"मग तू बोलली का नाहीस?"

"फडकं बांधलं व्हतं ना," ती म्हणाली. "सगळं नीट चाललेलं. मधीच मी बोंब कशी मारू? लोकं म्हनली असती, हिला दम न्हाई."

मुलगा बाटली घेऊन आला. त्यांची गाडी लागली आणि ते गेले. जाताना तिने पुन्हा माझे पाय धरले नाहीत, आणि मला ते योग्य वाटले.

तेव्हा माझे उत्तर असे आहे: सोय झाल्यावर बहुतेक मुले वेळेत पोचतात, पण ज्या मुलाला सर्वांत जास्त घाई असते तेच सोयीची वाट पाहत राहते. कारण तोवर आईची भीती हीच घराला उठवत होती, आणि आम्ही तिला वेळ नेमून दिली. हे उत्तर एका वाडीचे आहे आणि ते सांगणारीचा त्यात दोष आहे, म्हणून ते तसेच मान्य करू नका. आपल्या शेजारच्या दोन-चार आयांना विचारा: मागच्या खेपेला मुलाचे दुखणे कधी सुरू झाले, तुम्ही घरातून कधी निघालात, आणि मधल्या वेळात कशाची वाट पाहत होतात? काय उत्तर येते ते आपण स्वतः तपासून पाहावे, एवढीच विनंती.